उत्तरेच्या खिडकीचं स्वयंपाकघर: कोणती झाडं ठेवायची आणि कोणती पेरून कापायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही उत्तरेला. ग्रिलच्या आत कुंड्यांसाठी 8-9 इंच रुंद पट्टी. तुळस, कढीपत्ता आणि पुदिना अशी तीन रोपं नर्सरीतून आणून ठेवली, दीड-दोन महिन्यांत तिन्ही गेली. आता तिथे काय लावावं आणि निगा कशी राखावी?

ती रोपं बहुधा उन्हाविना गेली. तुळस आणि कढीपत्ता यांना रोज 5-6 तास थेट ऊन हवं, पुदिन्याला किमान 3-4 तास. पुण्यात वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. मधले अडीच महिने सोडले तर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरतं ते एप्रिल ते ऑगस्ट, सकाळी लवकर आणि संध्याकाळी, तिरकं. त्यातही जूनच्या मध्यापासून ढग. सप्टेंबर संपला की थेट मार्चअखेरपर्यंत उन्हाची तिरीपसुद्धा नाही. अशा जागी तुळस जगवायचा आटापिटा म्हणजे रोपाचे हाल.

आधी उजेड तपासा. स्वच्छ दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला घरातले दिवे बंद करा, कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड ठसठशीत दिसली तर उजेड भरपूर. बोटं वेगवेगळी कळतात पण कड पुसट आहे, तर मध्यम. नुसताच करडा डाग पडला तर कमी. हाच कागद मग ओट्याच्या टोकाशी, फ्रिजवर, मांडणीवर फिरवून बघा. खिडकीपासून 2-3 फूट आत आलात की उजेड झपाट्यानं उतरतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण डोळे सवय करून घेतात. समोर इमारत जवळ असेल तर तिची भिंत पांढरी आहे की विटकरी, यानंही फरक पडतो.

यानंतर झाडांची दोन खाती करा. एक, कायम वस्तीला राहणारी, फक्त हिरवाईसाठी. दुसरं, पेरायचं, दोन आठवड्यांत कापायचं आणि पुन्हा पेरायचं. कमी उजेडात नुकसान होतं ते ही दोन खाती एकमेकांत मिसळली की. ज्या झाडाची पानं आपण सतत तोडणार, त्याला ती पानं पुन्हा करायला ऊन लागतं, आणि तेच इथे नाही.

वस्तीसाठी उत्तरेच्या पट्टीवर माझी पहिली पसंती स्पायडर प्लांटला. अंग आटोपशीर, 5-6 इंची कुंडीत मावतं, आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तरी विषाची भीती नाही. मनी प्लांट आणि सिंगोनियम इथे मजेत राहतात. अ‍ॅग्लोनेमा घ्यायचा तर हिरव्या-रुपेरी पानांचा घ्या. लाल-गुलाबी जातींचा रंग कमी उजेडात विटतो. मांडणीवर, खिडकीपासून चार-पाच फुटांवर, झेडझेड प्लांट आणि स्नेक प्लांट तगून राहतात. वाढ मात्र तिथे फारशी होणार नाही. पीस लिली चालते, पण पाणी चुकलं की लगेच मान टाकते, आणि कमी उजेडात फुलं क्वचितच येतात.

एक गोष्ट स्वयंपाकघरात फार महत्त्वाची. मनी प्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, पीस लिली, झेडझेड आणि डिफेनबाखिया ही सगळी अळूच्या कुळातली. अळू खाजरा निघाला की घसा खवखवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच यांच्या पानात आणि देठात असतात. अळू आपण शिजवतो, चिंच किंवा आमसूल घालतो. ही पानं कच्ची तोंडात गेली तर जीभ आणि ओठ सुजतात. म्हणून भाजी चिरायच्या जागेवर मनी प्लांटचा वेल लोंबता ठेवू नका, कोथिंबीर-पालकाच्या जुडीशेजारी छाटणी करू नका, आणि छाटलेली कात्री धुतल्याशिवाय खाण्याच्या वस्तूला लावू नका. डिफेनबाखिया यात सगळ्यात त्रासदायक; तो स्वयंपाकघरात आणूच नका.

खाण्याच्या झाडांत एकाला कायम वस्तीची सवलत देता येते: पानओवा, म्हणजे ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात तो. उत्तरेला तो लांबुडका होतो, पानं पातळ पडतात, पण जगतो. महिन्यातून एकदा शेंडे खुडा, म्हणजे बाजूनं फुटेल. वर्षभरानं बुंधा लाकडासारखा झाला की 4 इंचाची फांदी तोडून नव्या मातीत लावा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतो. त्याला पाणी कमीच द्या. तो बहुतेक वेळा सडूनच जातो.

आता पेरून कापायचं पीक. उत्तरेच्या खिडकीसाठी सगळ्यात खात्रीचं म्हणजे कोवळी मेथी. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात, मुळांसकट, किनाऱ्याकडच्या वाळूत वाढवलेल्या. तीच पद्धत डब्यात करायची. बियाण्याच्या पोटातल्या साठ्यावरच रोप पहिले दहा-बारा दिवस काढतं, म्हणून ऊन नसलं तरी चालतं.

साधारण 8 बाय 6 इंचाचा, 3 इंच खोल प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला तापवलेल्या खिळ्यानं आठ-दहा भोकं पाडा. दोन इंच थर भरा: अर्धी धुतलेली वाळू, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वाळू नदीची असेल तर तीन-चार पाण्यांनी धुवून गाळ काढा. घरातल्या डब्यातली मेथी चालते, फार जुनी नको. दोन टेबलस्पून मेथी 8 तास भिजवा. बारा तासांच्या वर भिजली की बुळबुळीत होते आणि सडायला लागते. मग फडक्यात बांधून, मोड काढतो तशी, एक रात्र ठेवा. पांढरं टोक डोकावलं की थरावर एकसारखी पसरा. दाणा दाण्याला लागला तरी चालेल, दाण्यावर दाणा मात्र नको. वर वाळूचा अगदी पातळ, अर्ध्या सेंटिमीटरचा थर द्या. पाणी हातानं शिंपडा. तांब्यानं ओतलंत तर सगळी मेथी एका कोपऱ्यात गोळा होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं दिसेल. या वेळी मुळांवर पांढरी लव दिसते आणि बुरशी आली असं वाटून पुष्कळ जण डबा फेकून देतात. पाणी शिंपडून बघा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली तर ती केशमुळं होती. शिंपडल्यावरही कोळ्याच्या जाळ्यासारखं दाण्यांवरून पसरलेलं राहिलं आणि आंबूस वास आला, तर बुरशी. तेवढा भाग आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका, पाणी कमी करा, आणि पुढच्या वेळी विरळ पेरा. रोपं खिडकीकडे कलतात, म्हणून डबा रोज फिरवा. 10 ते 14 दिवसांत बोटभर उंची आणि दोन दळदार पानांच्या मधून तिसरं पान फुटलं की मुळांसकट उपटा. वाळू जाईस्तोवर तीन-चार पाण्यांनी धुवा. दर पाच दिवसांनी एक डबा पेरत गेलात तर तीन डब्यांत चक्र बसतं. वाळू-कोकोपीट एकदा उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा वापरता येतं. दोनदा वापरलं की बदला.

लसणाची पातही अशीच, पाकळीतल्या साठ्यावर येते. मोड आलेल्या पाकळ्या टोक वर करून एकेक इंचावर खोचा. साधारण दोन आठवड्यांत पात वीतभर होते. दोन कापण्या मिळतात, तिसरी बारीक येते. मग नव्या पाकळ्या लावा.

कोथिंबिरीचा हट्ट असेल तर दिवा लावावा लागेल. धने लाटण्यानं हलके रगडून दोन दळं सुटी करा, रात्रभर भिजवा आणि सेंटिमीटरभर खोल पेरा. उगवायला आठ-दहा दिवस, कापणीला महिना-सव्वा महिना. भिंतीवरच्या कपाटाखाली 2 फुटी, 10 वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या, रोपांपासून 10 इंचांवर, दिवसाला 14 तास. महिन्याला साधारण साडेआठ युनिट वीज जाते. झाडांसाठी म्हणून विकतात त्या जांभळ्या दिव्याची गरज नाही. मार्च ते मे कोथिंबीर उष्णतेनं लगेच फुलावर येते; त्या काळात मेथीच बरी. पुदिन्याची कुंडी मात्र या घरात करू नका. बाजारची जुडी देठ छाटून, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवलीत तर आठवडाभर ताजी राहते, एवढ्यावर समाधान माना.

स्वयंपाकघराची म्हणून जी खास संकटं आहेत, ती बैठकीच्या खोलीतल्या झाडांना नसतात. पहिलं तेल. फोडणीचे तेलाचे कण पानावर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि चिकट पिवळट थर जमतो. आधीच कमी असलेला उजेड त्यानं आणखी अडतो. दर पंधरा दिवसांनी लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे 2-3 थेंब घालून मऊ फडक्यानं पान खालून हाताचा आधार देऊन पुसा, मग साध्या पाण्यानं. पान चकचकीत दिसावं म्हणून खोबरेल किंवा दूध लावतात, ते अजिबात करू नका. दुसरं धग. शेगडीपासून किमान 3 फूट अंतर हवं, आणि कुकरच्या वाफेच्या वाटेत काहीच नको. एका शिट्टीत पानाचा तो भाग उकडून काळा पडतो. तिसरं पिकणारी फळं. मे महिन्यात आंब्याची पेटी किंवा केळ्यांचा घड रात्रभर बंद स्वयंपाकघरात असतो, आणि पिकताना फळं इथिलीन वायू सोडतात. जवळच्या कुंडीत पानं अवेळी पिवळी पडतात, कळ्या गळतात. फळं आणि कुंड्या खोलीच्या दोन टोकांना ठेवा.

चौथं संकट पाण्याचं, आणि याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आरओ यंत्राचं सांडपाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतात. विचार चांगला आहे, पण आधी आकडा बघा. समजा येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, 900 आहे (बोअर किंवा टँकरच्या पाण्यात हे होतं), आणि यंत्र तीन लिटरमागे एक लिटर गोडं पाणी देतं. तर त्यातले जवळपास सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरांत येतात, आणि सांडपाण्याचा टीडीएस 1300 च्या वर जातो. नळाला धरणाचं 100-150 टीडीएसचं पाणी असेल तर सांडपाणी 200 च्या आसपास. ते खुशाल वापरा. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. 500 पर्यंत काळजी नाही. त्याच्या वर गेलं की आधी स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात, मग मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात. असं झालं तर कुंडी मोरीत नेऊन तिच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून निथळू द्या. 6 इंची कुंडीला 6-7 लिटर धरा. भाताच्या पेजेचं किंवा भाजी उकडलेलं पाणी मीठ घातलेलं असेल तर कुंडीत नको. तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी त्याच दिवशी घातलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी ते आंबतं.

पाणी कधी घालायचं ते वार ठरवून नको. हिराच्या झाडूची एक काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, मिनिटभर ठेवा, काढा. खालची दोन इंच काडी ओली आणि माती चिकटलेली असेल तर थांबा. वरून माती सुकी दिसते आणि तळाशी चिखल असतो, तो असा कळतो. 6 इंची कुंडीला साधारण 250-300 मिलि, तळातून थेंब पडेपर्यंत, आणि बशीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यात हे चार-पाच दिवसांनी येईल, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी. झेडझेड आणि स्नेक प्लांट पंधरा-वीस दिवस सहज काढतात.

खालची पानं पिवळी आणि कुंडी जड, तर पाणी जास्त झालंय. पानांच्या कडा कुरकुरीत आणि कुंडी हलकी, तर कमी पडलंय. नुसती टोकं तपकिरी, तर क्षार. नवी पानं बारकी आणि दोन पेरांतलं अंतर लांबलेलं, तर उजेड कमी. अशा वेळी खत वाढवू नका, रोप आणखी लुकडं होतं. बुंधा मऊ लागला तर वाट न बघता रोप काढा, काळी-पिचकी मुळं कापा, पांढरी टणक ठेवा आणि लहान कुंडीत कोरडसर मातीत लावून चार दिवस पाणी तोडा.

मातीत पहिली खबरदारी काळ्या मातीची. देशावरची काळी माती सुकली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बशीत येतं. मधला गोळा कोरडाच. 2 भाग लाल माती, 1 भाग कोकोपीट, 1 भाग गांडूळखत, 1 भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे) हे मिश्रण वस्तीच्या झाडांना चांगलं. कोकोपीट दोनदा धुवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती बरेचदा चिकण लाल मातीचा टणक गोळा असतो. आठ-दहा दिवस रोप घरात रुळलं की तो गोळा बादलीत भिजवून निम्मी माती हलकेच सोडवा आणि मगच नव्या कुंडीत लावा. कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. भोकावर एक खापरी पुरे. तळाला खडीचा थर दिल्यानं निचरा सुधारत नाही, उलट पाणी त्या थराच्या वर, मुळांपाशी अडून राहतं. खत म्हणाल तर मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, बस्स. साखर-दुधाच्या चहाचा चोथा, भाजीची देठं थेट कुंडीत टाकू नका. मुंग्या आणि चिलटं त्यावरच पोसतात.

चिलटं, म्हणजे मातीतून उडणारे बारीक काळे माश्यांसारखे किडे, स्वयंपाकघरातली सर्वात मोठी तक्रार. त्यांच्या अळ्या वरच्या एक-दोन इंच ओल्या मातीत असतात. तो थर सुकू द्या, वर अर्धा इंच कोरडी जाड वाळू पसरा, आणि उडणाऱ्यांसाठी पिवळी चिकट कार्डं खोचा. पूर्ण पिढी संपायला तीन-चार आठवडे लागतात; आठवड्यात फरक दिसला म्हणून सोडून देऊ नका. पानाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. 5 मिलि नीमतेल आणि 1-2 मिलि लिक्विड साबण लिटरभर कोमट पाण्यात घुसळून फवारा, पण कुंडी न्हाणीघरात नेऊन. रासायनिक कीटकनाशक अन्न शिजतं त्या खोलीत नकोच.

बाटलीतला मनी प्लांट ठेवणार असाल तर डासांचं भान हवं. डेंगूच्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काचेला चिकटतात, कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाण्यात गेल्यावर आठ-दहा दिवसांत डास होतो. नुसतं पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशनं घासा. बशांचंही तेच.

हवा शुद्ध होईल म्हणून झाडं घेत असाल तर तेवढी अपेक्षा सोडा. हा समज ज्यांच्यावरून पसरला, ते 1989 मध्ये नासा या अमेरिकी अवकाश संस्थेनं केलेले प्रयोग बंदिस्त पेटीतले होते. 2019 मध्ये आलेल्या एका आढाव्यात हिशेब मांडला आहे की घरात हवा खेळती राहून ती जेवढी साफ होते, तेवढा परिणाम झाडांकडून मिळवायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. फोडणीचा धूर चिमणी आणि उघडी खिडकीच नेणार.

राहिला कढीपत्ता. ड्राय बाल्कनी किंवा दुसऱ्या खोलीची खिडकी पूर्व, दक्षिण किंवा पश्चिमेला असेल तर तो तिथे न्या, 12 इंची कुंडीत. थंडीत पुण्यात त्याची वाढ थांबते, पानं झडतात; तेव्हा मेला समजून उपटू नका आणि पाणी निम्मं करा. नखानं साल किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर फेब्रुवारीअखेर फुटेल. आमटीसाठी सुटी पानं ओरबाडू नका. फांदीचं टोक पाच-सहा पानांसकट कात्रीनं कापा, म्हणजे त्या जागी दोन फुटवे येतात. त्याच बाल्कनीत जागा उरली तर मे महिन्यात मोड आलेली हळकुंडं 12 इंची कुंडीत दोन इंच खोल लावून ठेवा. हळदीला सावली चालते, आणि नागपंचमीच्या पातोळ्यांना घरची पानं मिळतात.